बंद दारामागचं शिक्षण

समुपदेशनाचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलामुलींना नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात: ‘पण तुम्हाला हे शिकवतात तरी कसं?’

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो नेमक्या जागी बोट ठेवतो. शिकाऊ सर्जन शस्त्रक्रिया करत असतो तेव्हा टेबलाच्या पलीकडे सीनिअर उभा असतो. मोटार शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. गाणाऱ्या शिष्याचा स्वर ढळला तर गुरुजी नुसती भुवई उचलतात आणि शिष्य जागेवर येतो. समुपदेशनात मात्र दार बंद असतं. आत माणसं दोनच. तिसरं माणूस खुर्ची ओढून बसलं की बोलणंच बदलतं. मग ज्याने शिकवायचं, त्याला शिकणाऱ्याचं काम दिसायचं कसं?

या प्रश्नाला गेल्या शंभरेक वर्षांत बरीच उत्तरं शोधली गेली. त्यातलं एक उत्तर ऐकून लोक हसतात: विद्यार्थ्याच्या हातात खडू द्यायचे, वाळूची पेटी द्यायची, मातीचा गोळा द्यायचा. हे प्रकरण त्या उत्तराबद्दल आहे.

१. सुपरव्हायजर म्हणजे कोण?

आपल्याकडे सुपरव्हायजर म्हटलं की दहावीच्या परीक्षेला बाकांमधून फेऱ्या मारणारे, कॉपी पकडणारे सर आठवतात. ते चित्र बाजूला ठेवू. समुपदेशनातला सुपरव्हायजर म्हणजे अनुभवी समुपदेशक. शिकाऊ समुपदेशक त्याच्याकडे ठरलेल्या वेळी जातो, आपल्या क्लायंटबरोबर काय घडलं ते मांडतो आणि पुढे काय करायचं हे दोघं मिळून बघतात.

हा शिक्षणाचा जोडभाग नाही, कणा आहे. अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘काक्रेप’ नावाची संस्था आहे. तिच्या नियमांनुसार विद्यार्थ्याने आधी किमान 100 तासांचं प्रात्यक्षिक करायचं, त्यात 40 तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबर. मग 600 तासांची इंटर्नशिप, त्यात 240 तास क्लायंटबरोबर. आणि या सगळ्या काळात दर आठवड्याला सुपरव्हिजन.

या तासात सुपरव्हायजर एकाच भूमिकेत नसतो. जॅनिन बर्नार्ड या संशोधिकेने 1979 मध्ये त्याच्या तीन भूमिका सांगितल्या: कधी तो शिक्षक असतो, कधी समुपदेशकासारखा ऐकणारा, कधी बरोबरीचा सल्लागार. मधली भूमिका जरा निसरडी आहे. तिच्याकडे नंतर परत यावं लागेल.

२. सांगितलेलं आणि घडलेलं

सुरुवातीची पद्धत सरळ होती: विद्यार्थ्याने सांगायचं, गुरूने ऐकायचं. 1909 मध्ये फ्रॉइडने ‘लहानग्या हान्स’ची हकिकत छापली. पाच वर्षांच्या या मुलाला घोड्यांची भीती वाटायची. उपचार फ्रॉइडने केले असं आपण म्हणतो खरं, पण मुलाला त्या काळात तो एकदाच भेटला. बाकी सगळं मुलाच्या वडिलांमार्फत चाललं. ते मुलाशी बोलायचे, टिपून ठेवायचे आणि फ्रॉइडला कळवायचे. अप्रत्यक्ष सुपरव्हिजनच म्हणा ना.

यात अडचण उघड आहे. आपण हिशेब सांगतो तेव्हा स्वतःला जरा बरं दाखवून सांगतो. त्यातून समोरचा माणूस आपल्याला मार्क देणारा असेल तर विचारायलाच नको.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने यावर यंत्राचा उपाय केला. ओहायो स्टेट विद्यापीठात असताना, 1940 च्या सुमारास, तो आणि त्याचे विद्यार्थी समुपदेशनाच्या भेटी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करू लागले. दर काही मिनिटांनी तबकडी बदलायची, असा खटाटोप होता. 1942 च्या त्याच्या पुस्तकात एका क्लायंटबरोबरच्या आठही भेटी शब्दशः छापल्या आहेत. बंद दाराला कान मिळाले. पुढे एकतर्फी आरसे आले, मग व्हिडिओ आला.

आता तर सगळं दिसतं, मग अडलं कुठे?

अडलं ते असं. व्हिडिओत विद्यार्थिनी मान हलवताना दिसते. तिच्या पोटात त्या वेळी गोळा आला होता, हे दिसत नाही. ‘हो, मी समजू शकते’ हे तिचं वाक्य ऐकू येतं. ते म्हणताना तिला स्वतःच्या आजीची आठवण आली होती, हे ऐकू येत नाही. गंमत म्हणजे अनेकदा ते तिलाही कळलेलं नसतं. जे स्वतःलाच माहीत नाही ते ती सांगणार कसं, आणि कॅमेरा टिपणार कसा?

अमेरिकन मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स याने 1955 मध्ये याचा एक चमत्कारिक धागा पकडला. क्लायंट आणि शिकाऊ समुपदेशक यांच्यात जे चाललेलं असतं, त्याची पडछाया शिकाऊ आणि सुपरव्हायजर यांच्यात पडते. उदाहरणार्थ, एक क्लायंट प्रत्येक गोष्टीला म्हणतो, ‘तुम्ही सांगाल तसं.’ विद्यार्थी त्याने वैतागतो. आणि सुपरव्हिजनला येऊन मॅडमना म्हणतो, ‘मॅम, तुम्ही सांगाल तसं करतो.’ क्लायंटचा सूर त्याने उचलून आणला आहे, पण आपण तो उचलला याचा त्याला पत्ता नाही. नवीन सून माहेरी येते तेव्हा सासरची एखादी लकब तिच्या बोलण्यात शिरलेली आईला आधी ऐकू येते, तसंच काहीसं.

थोडक्यात, विद्यार्थ्याजवळ माहिती असते, पण ती शब्दांपर्यंत पोचलेली नसते.

३. बापाची तबकडी, लेकीचे खडू

रॉजर्सची मुलगी नॅटली हीसुद्धा मानसोपचारक झाली. वडिलांनी शब्द न् शब्द टिपला. लेकीला वाटलं, नुसते शब्द पुरत नाहीत. तिने वडिलांचीच मूळ भूमिका घेतली, की समोरच्याला न तोलता समजून घ्यावं, आणि तिच्यात हालचाल, रंग, माती, आवाज, लेखन आणलं. 1993 च्या ‘द क्रिएटिव्ह कनेक्शन’ या पुस्तकात तिने मांडलेला विचार असा, की एक कला दुसरीला जागं करते. आधी अंग हलवलं तर चित्र वेगळं उतरतं. चित्रानंतर लिहिलं तर लेखन वेगळं होतं. अनेक कलांचा असा एकत्र वापर करणाऱ्या या शाखेला एक्सप्रेसिव्ह आर्ट्स म्हणतात. आपण अभिव्यक्ती-कला म्हणू. तिचं औपचारिक शिक्षण 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या लेस्ली कॉलेजात सुरू झालं. ही साधनं आधी क्लायंटसाठी होती; मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की शिकणाऱ्यालाही ती हवीत. इस्रायलच्या मूली लाहाद यांचं ‘क्रिएटिव्ह सुपरव्हिजन’ 2000 मध्ये आलं, बार्बरा फिश यांचं कलाधारित सुपरव्हिजनवरचं पुस्तक 2017 मध्ये.

पण चित्राने नेमकं होतं काय? दोन गोष्टी होतात.

पहिली: बोलणं एका ओळीत चालतं, एकापुढे एक. चित्रात सगळं एकदम असतं. घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता तोंडी सांगताना तुम्ही ‘डावीकडे, मग उजवीकडे’ म्हणत जाता. तोच कागदावर काढलात की मध्ये एक मोठं मैदान रिकामं राहिलेलं दिसतं, जे तुमच्या सांगण्यात आलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट अंतराची. ‘मला त्या क्लायंटची भीती वाटते’ हे कबूल करणं कठीण आहे. पण कागदावरच्या काळ्या डागाकडे बोट दाखवून ‘हा जरा जास्तच जवळ आलाय’ म्हणणं तितकं कठीण नाही. डाग तिथे आहे, मी इथे आहे. आपल्याकडे रसचर्चेत हा विचार हजार वर्षांपूर्वीच झाला आहे. भट्टनायकाने साधारणीकरण मांडलं आणि अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या टीकेत त्याची चर्चा पुढे नेली. रंगमंचावरचं दुःख ‘माझं’ही राहत नाही आणि ‘परक्याचं’ही राहत नाही, म्हणूनच त्याच्याकडे पाहणं सोसवतं. सुपरव्हिजनच्या पाश्चात्त्य पुस्तकांत ‘अंतर’ हा शब्द वाचताना मला दर वेळी हे आठवतं. दोन्ही गोष्टी एकच आहेत असा दावा नाही, पण घरं शेजारशेजारची आहेत.

४. वाळूची पेटी

दिवाळीत अंगणात केलेला किल्ला आठवा. विटा-मातीचा डोंगर, त्यावर हळीव पेरलेलं, सिंहासनावर महाराज आणि मग मावळे, गवळणी, तोफा, वाघ, विहीर. महाराज कुठे बसवायचे यावर वाद नसतो. पण वाघ बुरुजाजवळ ठेवायचा की गुहेत, गवळण एकटी की घोळक्यात, हे प्रत्येक पोर आपल्या मनाने ठरवतं आणि त्याला विचारलं तर कारणही सांगतं.

लंडनच्या बालरोगतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी 1928 मध्ये मुलांसाठी दवाखाना काढला, तेव्हा त्यांना लेखक एच. जी. वेल्सचं ‘फ्लोअर गेम्स’ हे 1911 चं पुस्तक आठवलं. आपल्या मुलांबरोबर जमिनीवर लहान लहान खेळण्यांची बेटं आणि शहरं कशी वसवली, ते वेल्सने त्यात सांगितलं आहे. लोवेनफेल्डबाईंनी दवाखान्यात अशा बारक्या वस्तू ठेवल्या, जवळ वाळूची पेटी ठेवली. मुलं आपण होऊन वस्तू वाळूत मांडू लागली आणि त्या मांडणीला ‘वर्ल्ड’, म्हणजे जग, म्हणू लागली. नाव मुलांनी दिलं, बाईंनी ते ठेवून घेतलं. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या स्विस मानसोपचारक डोरा काल्फ यांनी मानसशास्त्रज्ञ युंगच्या विचारांशी सांगड घालून ही पद्धत पुढे नेली. पेटी साधारण पाऊण मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, चार बोटं खोल. आतून निळी रंगवलेली असते, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसतं.

आता एक प्रसंग बघू. तो रचलेला आहे, पण त्यातले ताण खरे आहेत.

तेवीस वर्षांची एक विद्यार्थिनी. तिची क्लायंट बावन्न वर्षांची. सुनेशी पटत नाही म्हणून आलेली. पहिल्याच भेटीत विद्यार्थिनीच्या तोंडून ‘काकू’ निघालं आणि तेच राहिलं. मराठी घरातल्या मुलीने आईच्या वयाच्या बाईला आणखी काय म्हणायचं? सुपरव्हिजनमध्ये ती सांगते, ‘काकू छान बोलतात, सगळं नीट चाललंय.’ पण नोंदवहीत दिसतं, की पन्नास मिनिटांची भेट दर वेळी सव्वा तासावर जाते. सुपरव्हायजर मॅडम यावर दोनदा बोलल्या. तिने दोनदा ‘हो मॅम’ म्हटलं. तिसऱ्या वेळीही सव्वा तास.

मॅडम कारण विचारणं सोडून देतात. फळीवरच्या वस्तू आणि पेटी दाखवून म्हणतात, ‘तुझी आणि काकूंची भेट यात मांड. घाई नाही.’

ती आधी अवघडून हसते. मग डोक्यावर घडा घेतलेली गवळण उचलते, मधोमध ठेवते: काकू. स्वतःसाठी तिला काही सापडत नाही. चिमणी उचलते, परत ठेवते. शेवटी भाला घेतलेला मावळा उचलते आणि स्वतःच दचकते. तो गवळणीजवळ रोवते.

‘हा कुठे बघतोय?’ मॅडम विचारतात. एवढंच.

‘बाहेर.’ थोड्या वेळाने: ‘म्हणजे काकूंकडे पाठ आहे त्याची.’

‘बाहेर काय आहे?’

पेटीत तिकडे काहीच नाही, कोरी वाळू. ती बराच वेळ बघत राहते. ‘सून,’ ती म्हणते. ‘ती कधी आलेलीच नाही. मी तिला पाहिलंही नाही. तरी मी पहारा देतेय.’

मॅडम एकच प्रश्न आणखी विचारतात: ‘पहारेकऱ्याची पाळी कधी संपते?’

‘दुसरा आला की.’ ती हसते, पण डोळे भरतात. ‘दुसरं कोणी येणारच नाहीये. म्हणून मला उठताच येत नाही.’

सव्वा तासाचं कोडं इथे सुटलं. घड्याळ न पाहण्याचा दोष तिच्यात नव्हताच. ‘काकू’ या एका शब्दाबरोबर तिने घरच्या मुलीची कामगिरी अंगावर घेतली होती, आणि घरच्या मुलीला पन्नास मिनिटं झाली म्हणून उठता येत नाही. शिवाय ती एका बाजूला जाऊन बसली होती. काकूंची घागर किती जड आहे हे पाहायचं तर मावळ्याला आधी वळायला हवं. ते मॅडमनी सांगितलं नाही. तिनेच बोटाने त्याला अर्ध्यावर फिरवलं, पूर्ण नाही. पुढच्या भेटीत काकूंना काय विचारायचं, यावर मग दोघी साध्या भाषेत अर्धा तास बोलल्या. हा अर्धा तास वगळला तर पेटी नुसती करमणूक ठरेल. सुपरव्हिजनमधल्या कलेला परत क्लायंटकडे जावंच लागतं.

५. खुर्ची, आणि सहा कागद

वाळू नसेल तरी चालतं. मानसोपचारतज्ज्ञ याकोब मोरेनो याने 1920 च्या दशकात व्हिएन्नात उत्स्फूर्त नाटकाचे प्रयोग केले आणि त्यातून सायकोड्रामा ही पद्धत घडवली. त्यातली रिकामी खुर्ची पुढे मानसोपचारक फ्रिट्झ पर्ल्सने जगभर नेली. सुपरव्हिजनमध्ये विद्यार्थी क्लायंटच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि क्लायंट म्हणून बोलतो. ‘हा मुलगा मला सारखे प्रश्न विचारतो, मी थकतो,’ असं स्वतःच्याच तोंडून ऐकल्यावर शिकवायला फारसं काही उरत नाही.

गटाच्या सुपरव्हिजनमध्ये दुसरा प्रकार उपयोगी पडतो. एकजण आपली केस सांगतो, बाकीचे सहाजण ऐकता ऐकता चित्र काढतात. केसचं चित्र नव्हे, ऐकताना स्वतःला जे झालं ते. मग सहा कागद जमिनीवर मांडायचे. समजा, चार कागदांवर कुठे ना कुठे पाणी आहे, आणि सांगणाऱ्याच्या बोलण्यात रडण्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. तिथे थांबून विचारता येतं: ‘या केसमध्ये कोण रडलं नाही?’ याने काही सिद्ध होत नाही. विचारायला एक चांगला प्रश्न मिळतो, इतकंच.

६. ‘मला चित्र येत नाही’

हे वाक्य ऐकू आलं नाही असा गट विरळा. आपल्याकडे तर एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांनी माणसांची दोन जातींत वाटणी करून टाकली आहे: ग्रेड मिळालेले आणि बाकीचे. त्यातला ग्रेडवाला जास्त अडचणीचा असतो, कारण तो सुंदर काढतो आणि सुंदरपणामागे लपतो.

इथे साधनाची निवड कामी येते. सँड्रा केगिन आणि व्हिया लुसेब्रिंक यांनी 1978 मध्ये दाखवलेली गोष्ट स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला लगेच पटेल: पोळीच्या घट्ट कणकेला आपण हवा तो आकार देतो, घावनाचं पीठ मात्र तव्यावर आपल्या मर्जीने पसरतं. पेन्सिल आणि कात्रणं हातात राहतात. जलरंग आणि ओली माती माणसाला वाहवत नेतात. आधीच धास्तावलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ओले रंग देणं हा अविचार आहे. रंगीत कागद फाडून चिकटवायला द्यावेत. फाडता सगळ्यांना येतं. जो मुळीच नको म्हणेल त्याला खरोखर नको म्हणता यायला हवं, नाहीतर आपण अभिव्यक्तीची सक्ती करत असतो.

७. गुरूने हात कुठे आखडायचा

इथवर वाचून कोणाला वाटेल, की चित्र बघून मनातलं ओळखण्याची ही विद्या आहे. काळा रंग म्हणजे उदासी, बंद खिडकी म्हणजे एकटेपणा, अशा पुस्तिका बाजारात मिळतात. त्या फेकून द्याव्यात. वरच्या प्रसंगात मॅडमनी ‘भाला म्हणजे तुझा राग’ असं म्हटलं असतं, तर विद्यार्थिनीने ‘हो मॅम’ म्हटलं असतं. तिसऱ्यांदा. पहारा मात्र सापडला नसता.

दुसरा धोका मोठा आहे. पहाऱ्याबद्दल बोलताना विद्यार्थिनीचे डोळे भरले. समजा, ती पुढे म्हणाली, ‘आमच्याकडे आई आणि आजीचं असंच होतं.’ आता बर्नार्डबाईंची ती मधली, निसरडी भूमिका समोर उभी आहे. मॅडम स्वतः समुपदेशक आहेत. दार उघडलेलं आहे. आत जाणं सोपं आहे. पण त्याच मॅडम वर्षाअखेरीस तिचं मूल्यमापन करणार आहेत. ज्याच्या हातात आपला निकाल, त्याच्यापुढे मन मोकळं करणं म्हणजे मोकळेपणा नव्हे. अमेरिकन समुपदेशन संघटनेच्या आचारसंहितेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे: सुपरव्हायजरने विद्यार्थ्याचं समुपदेशन करू नये, गरज असेल तर योग्य ठिकाणी मदत शोधून द्यावी. म्हणून मॅडमनी इथे इतकंच विचारावं, ‘आईची आणि आजीची ती गोष्ट काकूंच्या खोलीत तुझ्याबरोबर येते तेव्हा काय होतं?’ आणि बाकीचं ज्या खोलीत बोलायचं ती खोली वेगळी आहे, हे तिला मायेने सांगावं.

कला वापरताना ही रेषा ओलांडणं जास्त सोपं होतं, हे या पद्धतीच्या चाहत्यांनी मान्य करायला हवं. बोलताना माणूस काय सांगायचं ते निवडतो. चित्रात निवडीआधीच काहीतरी उतरून बसतं. म्हणून आधीच ठरवून घ्यायचं असतं: कागद कोणाचा (काढणाऱ्याचा), फोटो घ्यायचा का (विचारून), मार्क यावर मिळणार का (कधीही नाही), आणि क्लायंटची ओळख पटेल असं त्यात काही आलं तर काय करायचं.

पुराव्याचं म्हणाल, तर या विषयावर लिहिलं बरंच गेलंय, पण त्यातला मोठा भाग प्रसंगवर्णनांचा आणि मोजक्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींचा आहे. विद्यार्थ्यांना याचा उपयोग वाटतो, असं त्यातून दिसतं. त्यांच्या क्लायंटना किती गुण आला, हे मोजणं वेगळं आणि फार अवघड काम आहे. रॉजर्सच्या तबकडीच्या जागी कोणी वाळूची पेटी ठेवू पाहत असेल, तर मी तबकडीच्या बाजूने आहे. दोन्ही असतील तर उत्तम.

विद्यार्थिनी निघून गेल्यावर मॅडम पेटी आवरतात. तिच्या डोळ्यांदेखत आवरायची नाही, असा रिवाज आहे. मांडलेलं जग मांडणाऱ्यासमोर मोडू नये. गवळण फळीवर जाते, मावळा तिच्या शेजारी. गुरुवारी दुसरा विद्यार्थी येतो, फळीसमोर बराच वेळ उभा राहतो, तोच मावळा उचलतो आणि म्हणतो, ‘हा क्लायंटचा नवरा. घरी असून नसल्यासारखा.’ आणि त्याला वाळूत आडवा ठेवतो.